बूच वर का येतं: घरच्या वाइनच्या बाटल्यांना बूच मारण्याबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २३ लिटरच्या किटची (द्राक्षरस, यीस्ट, पुड्या असं सगळं तयार मिळणाऱ्या डब्याची) रेड वाइन, पहिलीच वेळ, २९ बाटल्या भरल्या. बुचं दहा मिनिटं उकळून मऊ केली, हातातल्या प्लास्टिकच्या कॉर्करमध्ये, म्हणजे बूच मारायच्या साधनात, घालून रबरी हातोडीने ठोकली आणि लगेच बाटल्या रॅकवर आडव्या टाकल्या. सकाळी बघताय तर चार बुचं करंगळीच्या नखाएवढी वर आलेली, एक बाटली गळून कार्पेटवर डाग. आता विचारताय की वरून मेण लावलं तर थांबेल का.

नाही थांबणार. मेणाचं शेवटी बोलू, आधी बूच वर का येतं ते बघा, कारण दर वर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं आणि दर वेळी दोष बुचावर जातो, बिचाऱ्याचा दोष दहात एकदा असतो.

मी टोरोंटोच्या जवळ राहतो, गेली अठरा-एकोणीस वर्षं गॅरेजमध्ये वाइन करतोय, सुरुवात किटनेच केली होती, आता सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांचे ३६ पौंडी क्रेट येतात ते घेतो. इथे घरी पिण्यापुरती वाइन करायला कायद्याची आडकाठी नाही. हे वाचून महाराष्ट्रात कोणी उत्साहात येऊ नका, तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, वाइनसुद्धा त्यात आली.

तर पहिलं आणि सगळ्यात कॉमन कारण, हवा. बूच आत जाताना मानेतली हवा पिस्टनसारखी दाबतं, तिला जायला जागा नसते. शाळेत बॉईलचा नियम शिकलो, हवेची जागा जितकी कमी तितका दाब जास्त, तो इथे कामाला येतो बघा. तुमचं बूच ३८ मिमी लांबीचं असेल, किटवाल्यांचं बहुतेक तेच असतं. बूच बसल्यावर त्याच्या बुडाखाली १५ मिमी जागा राहील अशी वाइन भरलीत तर ५३ मिमी उंचीची हवा १५ मध्ये कोंबली जाते, म्हणजे दाब साडेतीन पट. आणि हौसेने अजून सेंटीमीटरभर वाइन जास्त ओतलीत, खाली फक्त ५ मिमी ठेवलीत, तर ४३ ची हवा ५ मध्ये, दाब साडेआठ पट! प्रत्यक्षात एवढा होत नाही, थोडी हवा कडेने निसटते, पण अंदाज आला ना. एवढीशी वाइन वाचवायला गेलात आणि बुचाखाली स्प्रिंग ठेवलीत. मग ते रात्रीतून सरकत सरकत वर येतं, दाब सुटला की थांबतं. तुमची चार बुचं रात्रीतच वर आली आणि मग तिथेच थांबली असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे माझा पहिला संशय हाच.

मी काय करतो, आइस्क्रीमची एक लाकडी काडी आहे, तिच्यावर ५३ मिमीवर पेनाने रेघ मारलेली आहे. बाटली भरली की काडीचं टोक बाटलीच्या काठाशी धरून ती मानेला बाहेरून लावायची, रेघेच्या वर वाइन असेल तर थोडी काढायची, खाली असेल तर घालायची. स्प्रिंगवाली भरायची नळी वापरत असाल, ती बुडाला टेकली की वाइन येते ती, तर काठोकाठ भरून नळी बाहेर काढली की तिच्या जाडीएवढी जागा आपोआप सुटते आणि बऱ्यापैकी बरोबर येते, पण पहिल्या दोन-तीन बाटल्यांना काडी लावून खात्री करा, नळ्या सगळ्या सारख्या जाडीच्या नसतात.

याच्यातच एक उपप्रकार म्हणजे गार वाइन. बेसमेंटमध्ये ११-१२ डिग्रीला असलेली वाइन भरलीत आणि बाटल्या वर २२ डिग्रीच्या हॉलमध्ये आणून ठेवल्यात तर ७५० मिलीची वाइन दोनेक मिलीने फुगते, ऐकायला काहीच नाही, पण मान केवढीशी असते, तिथे पातळी सात-आठ मिमी वर चढते. जागा खाऊन टाकली की नाही जवळजवळ अर्धी? म्हणून वाइन आदल्या दिवशी खोलीच्या तापमानाला आणून मग भरा.

दुसरं कारण, वाइन अजून संपलेली नाही. म्हणजे आंबायची थांबलेली नाही. हे धोक्याचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. हवेचं बूच काही तासांत वर येतं आणि थांबतं, आंबण्याचं बूच आठवड्याने, महिन्याने, गरमी वाढली की वर येतं आणि थांबत नाही. ओळखायचं कसं, तर एक बाटली उघडा. जिभेला सोड्यासारखं टोचतंय, बुडाला नवीन गाळ बसलाय, वाइन गढूळ झालीये, तर यीस्ट पुन्हा जागं झालंय. नुसतं टोचतंय पण वाइन स्वच्छ आहे आणि हायड्रोमीटरचा (वाइनमध्ये तरंगून तिची घनता, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणाऱ्या काचनळीचा) आकडा भरताना होता तोच आहे, तर तो जुनाच गॅस, किट ढवळून गॅस नीट काढला नव्हता एवढंच.

माझी गोष्ट सांगतो. तिसऱ्या का चौथ्या वर्षी प्लमची वाइन केली होती, चव घेतली तर बायको म्हणाली आंबट आहे, म्हणून भरायच्या दिवशी मी सरळ साखर विरघळवून घातली आणि बुचं मारली. सॉर्बेट (यीस्टला वाढू न देणारी पूड) वगैरे काही नाही. मार्चमध्ये भरली, जूनमध्ये एका रात्री बेसमेंटमधून ढुप ढुप आवाज, खाली गेलो तर तीन बुचं छताला लागून कुठेतरी उडालेली, सगळीकडे जांभळे शिंतोडे, आणि शेल्फच्या बरोबर खाली बायकोची साड्यांची बॅग, अर्धी चेन उघडी. त्यात तिची लग्नातली पैठणी. ड्रायक्लीनला दोनदा जाऊन आली, काठाजवळचा एक ठिपका अजून आहे आणि दर दिवाळीला तो मला दाखवला जातो. पण खरं सांगायचं तर बुचाने त्या दिवशी उपकारच केले, त्याच वाइनला मी घट्ट स्क्रू कॅप लावली असती तर काच फुटली असती.

म्हणून बाटलीत भरण्याआधी हायड्रोमीटर दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा बुडवायचा, आकडा तिन्ही वेळा तोच यायला पाहिजे, कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या, वाइनचा ०.९९० ते ०.९९६ च्या दरम्यान कुठेतरी. "बुडबुडे थांबले" हा पुरावा नाही, एअरलॉकचं (गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही ती पाण्याची नळी) झाकण थोडं सैल असलं तरी बुडबुडे थांबतात. गोड वाइन हवी असेल तर आधी पूर्ण आंबू द्या, निवळू द्या, गाळावरून काढा, मग पोटॅशियम सॉर्बेट लिटरला पाव ग्रॅमच्या आतबाहेर आणि सोबत मेटाबायसल्फाइट (वाइन टिकवायची पूड), आणि मग साखर. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, त्यामुळे चालू फर्मेंटेशनमध्ये घालून काही उपयोग नसतो. तुमच्या किटमध्ये सॉर्बेटची पुडी असेलच, घातली होती का आठवून बघा, बऱ्याच जणांची ती डब्याच्या तळाशी तशीच सापडते.

तिसरं कारण म्हणजे ओलं, गुळगुळीत बूच. आणि इथे तुमची उकळायची भानगड येते. कोणी सांगितलं उकळायला? जुन्या पुस्तकांत असतं हे, तेव्हा बुचं कडक यायची. आता जी बुचं मिळतात त्यांच्यावर कारखान्यातूनच पॅराफिन किंवा सिलिकॉनचा पातळ थर दिलेला असतो, म्हणजे ती सरकत आत जावीत आणि नंतर काढतानाही निघावीत. दहा मिनिटं उकळलंत की तो थर गेला, बूच पाणी प्यायलं, आत स्पंजासारखं झालं, दाबलं की तपकिरी पाणी वाइनमध्ये. वर मान ओली, बूच ओलं, मग ते धरणार कशाला? वर्षभराने उघडताना चुरा पडेल तो वेगळाच.

सीलबंद पिशवीतली बुचं असतील तर काहीच करायची गरज नाही, पिशवी फोडा आणि मारा. उघडी असतील तर मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात, लिटरला साधारण १० ग्रॅम, एक बुचकळी द्यायची आणि चाळणीत निथळत ठेवायची, बस. हा मेटाबायसल्फाइट म्हणजे आपल्याकडे स्क्वॅश-सरबत टिकवायला घालतात तो केएमएस, तोच. दमा असेल तर त्याचा वास घेऊ नका, खिडकी उघडा. मी उरलेली बुचं झाकणाच्या बादलीत ठेवतो आणि मधोमध त्याच पाण्याचा एक उघडा ग्लास उभा करतो, वाफेने बुचं मऊही राहतात आणि बुरशीही लागत नाही, पुढच्या वर्षी तशीच वापरता येतात.

घरातलं ब्लीच मात्र बुचाच्या जवळसुद्धा आणायचं नाही. क्लोरीन, बुचातले फिनॉल आणि बुरशी एकत्र आले की टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं, ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या ओल्या पोत्याचा वास येतो तो त्याचाच. १९८१ मध्ये हान्स टान्नर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हे शोधून काढलं. लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, आणि त्यावर इलाज नाही, बाटली ओतूनच द्यावी लागते.

आता गळलेली बाटली. बूच वर आलेलं नाही तरी गळतंय म्हणजे बहुतेक बुचाच्या अंगावर उभी घडी पडलीये. ते बूच काढा आणि उजेडात फिरवून बघा, एका बाजूला वरपासून खालपर्यंत रेघ दिसेल आणि त्या रेघेवर वाइनचा लाल डाग बुडापासून वर चढत गेलेला दिसेल. हातातल्या प्लास्टिकच्या कॉर्करने हेच होतं. साधं गणित आहे, बूच २४ मिमी जाडीचं, मानेचं तोंड आतून साडेअठरा. ते चारी बाजूंनी सारखं दाबून मग ढकलायला पाहिजे. तुमचा कॉर्कर दाबत नाही, नुसता नरसाळ्यातून कोंबतो, आणि हातोडीचा घाव थोडा तिरका बसला की एक बाजू मुडपते.

बूच दाबलं जातं हीच गंमत आहे. रबर वरून दाबलं की कडेने फुगतं, बूच जवळजवळ फुगतच नाही, कारण त्याच्या आत हवा भरलेल्या बारीक पेशी असतात, एका घन सेंटीमीटरमध्ये कोट्यवधी. आणि सोडल्यावर बरंचसं लगेच मूळ जाडीकडे परत येतं, उरलेलं पुढच्या एक-दोन दिवसांत. म्हणूनच बाटल्या आधी तीन दिवस उभ्या ठेवायच्या, तोपर्यंत बूच मानेला चिकटून बसतं आणि कोंडलेली हवाही सावकाश निघून जाते. तुम्ही लगेच आडव्या केल्यात, म्हणजे बूच धरायच्या आत त्याच्यावर वाइन आली.

(अवांतर. पुण्यात बुचाचं झाड म्हणतात ना, रात्री पांढरी लांब देठाची फुलं पडतात खाली, त्या झाडाचा याच्याशी संबंध नाही. त्याची साल बुचासारखी मऊ असते म्हणून नाव पडलं. वाइनचं बूच एका ओकच्या सालीचं, पोर्तुगालमध्ये जगातलं निम्मं होतं. झाड पंचवीस वर्षांचं झालं की पहिली साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या लायकीची साल तिसऱ्या खेपेला मिळते. म्हणजे चाळीशी उलटलेलं झाड. आणि बूच हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलाय. माझे शेजारी अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज आजोबा आहेत, एकदा मी बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, ती बुचांची पिशवी दे," तर आजोबा दचकून म्हणाले, "बुशा?" त्यांच्या भाषेत हा शब्द लिहितात च सारखा, पण आता उच्चार करतात श. बाटलीच्या बुचाला ते रोल्या म्हणतात, बुशा म्हणजे भोकात कोंबायचा कुठलाही बोळा. पण ओळख पटली!)

कॉर्कर विकत घेऊ नका लगेच. वाइनचं सामान विकणाऱ्या दुकानात जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर कॉर्कर दिवसाच्या भाड्याने मिळतो, तो आणा. खाली स्प्रिंगवर बसलेली पाटी असते, बाटली तिच्यावर ठेवून खाली दाबायची आणि तोंड वरच्या जबड्याखाली सरकवायचं, बूच खोबणीत टाकायचं, आणि दांडा एका दमात खाली ओढायचा. अर्ध्या वाटेपर्यंत पितळी जबडे बूच आवळतात, हाताला जड लागतं, मग एकदम हलकं होतं आणि दट्ट्या त्याला आत ढकलतो. मध्ये थांबायचं नाही. हळू हळू ओढणाऱ्याचं बूच अर्ध्यावर अडकतं, मी सगळ्या पाहुण्यांना आधी पाण्याच्या बाटलीवर दोन बुचं मारायला लावतो. दट्ट्यावर एक नट असतो, त्याने खोली ठरते, बूच काचेच्या काठाच्या बरोबर किंवा मिलीमीटरभर खाली बसलं पाहिजे. मधोमध दट्ट्याचा छोटा खळगा पडतो, त्याने काही बिघडत नाही. जबडे प्लास्टिकचे असले तर प्रत्येक पाच-सहा बाटल्यांनी एक बूच आवळून न मारता बाहेर काढून बघा, चिमटा काढल्यासारखी रेघ पडत असेल तर कॉर्कर परत करा.

आणि हातातलाच कॉर्कर वापरायचा असेल तर त्या शेजारच्या आजोबांची युक्ती, एक बारीक नायलॉनची दोरी मानेत दोन इंच सोडायची, तिच्याबाजूने बूच बसवायचं, मग दोरी सर्रकन ओढून घ्यायची. हवा दोरीच्या कडेने निघून जाते. दिसायला जादू वाटते पण हवेचं काम चोख होतं, घडीचं नाही.

बाटल्या कुठल्या घेतल्यात ते लिहिलं नाहीत. आटे असलेल्या स्क्रू कॅपच्या बाटल्यांना बूच मारायचं नाही. भारतातल्या बऱ्याच वायनी आता स्क्रू कॅपमध्येच येतात, इथेही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तशाच, त्यामुळे मित्रांनी जमवून दिलेल्या रिकाम्या बाटल्यांत निम्म्या तशा निघतात. त्यांच्या तोंडाची काच बूच सहन करायला बनवलेली नसते. माझ्या हातात एकदा मान तडकली, अंगठ्याला तीन टाके, तेव्हापासून आट्याची बाटली दिसली की आधी बाजूला काढतो. दोन-तीन महिन्यांत संपवायची वाइन तिच्याच स्वच्छ झाकणाने बंद करून ठेवली तर चालते, फार तर.

बुचाची जात कुठली घ्यावी यावर लोक तासभर भांडतील. मला विचाराल तर घरची वाइन वर्षभर टिकत नाही, पाहुणे टिकू देत नाहीत, मग बुचाचा भुसा चिकटवून केलेलं साधं बूच पुरे. दोन-तीन वर्षं ठेवायची असेल तर दोन्ही टोकांना खऱ्या सालीची चकती लावलेलं, आणि मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवायची असेल तर अख्ख्या सालीचं ४४ मिमी. प्लास्टिकची बुचं चांगली असतात, पण त्यांना जमिनीवरचाच कॉर्कर लागतो, हाताने नीट जात नाहीत.

मेण म्हणजे नटवणं. खाली बूच घट्ट असेल तर मेणाची गरज नाही, सैल असेल तर मेण त्याला अडवणार नाही, दाबाने मेणाला तडा जातो आणि वाइन तिथून येते. हौस असेल तर आठवडाभर थांबून लावा. त्यापेक्षा प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, किटलीच्या वाफेवर चार-पाच सेकंद धरल्या की आकसून बसतात, मुलं आवडीने करतात ते काम.

आता शनिवारी काय करायचं. सगळ्या २९ उभ्या करा. वर आलेल्या चारपैकी एक गार करून सिंकमध्ये, टॉवेल गुंडाळून उघडा. टोचत नसेल, स्वच्छ असेल, तर बाकी तिन्ही उघडा, काडी लावून चमचाभर वाइन काढा, पुसलेल्या कोरड्या मानेत नवीन बूच. जुनं बूच परत वापरायचं नाही, एकदा त्यात काढायचा स्क्रू गेला की ते गेलं. टोचत असेल आणि गढूळ असेल तर मात्र चष्मा आणि जाड हातमोजे घालून सगळ्याच्या सगळ्या गार करून उघडा आणि कारबॉयमध्ये, म्हणजे वाइन आंबवायच्या मोठ्या बाटलीत, परत ओता, एअरलॉक लावा, महिनाभर विसरून जा. परत भरताना २३ लिटरला पाव टीस्पून, साधारण दीड ग्रॅम, केएमएस घाला, कारण एवढ्या ओताओतीत हवा लागलेली असते. बाकीच्या चोवीस जणींचं बूच उकळलेलं आहे, त्या फार दिवस ठेवू नका, दिवाळीपर्यंत संपवा.

गळलेली बाटली आणि कारबॉयच्या तळाची ती शेवटची अर्धी भरलेली, जिच्यात वाइनपेक्षा हवा जास्त असते, त्या दोघींना बूच मारायचा मोह होईल. मारू नका, त्याच रात्री भज्यांबरोबर पिऊन टाका. कार्पेटवरच्या डागाला मीठ आणि सोडा वॉटर लावून बघा, पैठणीला लावू नका.